वाचकांचे प्रश्न : जुन्को ताबेई, एव्हरेस्टच्या आधी आणि नंतर

एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, यांच्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळच्या सदरात उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचणीत 'एव्हरेस्ट सर करणारी पहिली महिला' या प्रश्नाला मी बचेंद्री पाल असे उत्तर लिहिले आणि माझा गुण गेला. शाळेत तर आम्ही हेच शिकलो होतो. खरे काय? (नागपूर)

शाळेत आपण शिकलात ते 'पहिली भारतीय महिला' असे असणार. पाठांतरात मधला शब्द गळला. बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी शिखरावर पोहोचल्या आणि एव्हरेस्ट चढणाऱ्या त्या जगातील पाचव्या स्त्री ठरल्या. त्यांच्या नऊ वर्षे आधी, १६ मे १९७५ रोजी, जुन्को ताबेई नेपाळच्या बाजूने माथ्यावर गेल्या होत्या. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी फान्थोग या तिबेटी गिर्यारोहक चिनी मोहिमेतून उत्तरेकडच्या बाजूने वर पोहोचल्या. तिसऱ्या पोलंडच्या वांडा रुटकिएविच (१९७८) आणि चौथ्या जर्मनीच्या हानेलोरे श्मात्झ (१९७९). श्मात्झ शिखरावरून उतरताना मरण पावल्या.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. १९७५ साली हे अचानक घडले नाही. १९५९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद कोगां यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांची आंतरराष्ट्रीय मोहीम चो ओयूवर गेली होती, तेन्झिंग नोर्गे यांच्या दोन मुलीही तिच्यात होत्या, आणि त्या मोहिमेत स्वतः कोगां यांनाच प्राण गमवावे लागले. पुढे १९७४ मध्ये जपानी स्त्रियांच्या एका तुकडीने मनास्लू सर केले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर स्त्रिया पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. ताबेई यांचे यश याच वाटेवरचे आहे.

प्रश्न : ताबेई लहानपणी अशक्त होत्या असे वाचनात आले. मग गिर्यारोहणाकडे त्या कशा वळल्या? घरची परिस्थिती चांगली होती का? (सातारा)

अशक्त होत्या हे खरे. फुकुशिमा प्रांतातील मिहारू या गावी २२ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव इशिबाशी, वडिलांचा छपाईचा व्यवसाय आणि घरात सात भावंडे. दहाव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर त्या नासू पर्वतावर गेल्या. नासूच्या ज्वालामुखीचा चाउसु हा माथा १,९१५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) थोडाच जास्त. धावण्याच्या शर्यतीत मागे पडणाऱ्या मुलीला डोंगरावर कोणाशीच शर्यत करावी लागत नाही, आपापल्या चालीने वर गेले तरी चालते, हे त्यांना तिथे कळले आणि फार आवडले. पण गिर्यारोहणाचा छंद खिशाला परवडणारा नव्हता, त्यामुळे पुढच्या शालेय वर्षांत त्यांच्या वाट्याला मोजक्याच चढाया आल्या.

१९५८ ते १९६२ या काळात त्यांनी तोक्योच्या शोवा महिला विद्यापीठात इंग्रजी आणि अमेरिकी साहित्याचा अभ्यास केला. शिक्षिका होण्याचा विचार होता. पदवीनंतर मात्र त्या गिर्यारोहण मंडळांत दाखल झाल्या, आणि ही मंडळे अर्थातच पुरुषांची होती. काही सभासदांनी त्यांना मोकळेपणाने सामावून घेतले. काहींनी त्यांच्याबरोबर दोर बांधायला नकार दिला, तर ही मुलगी नवरा शोधायला आली आहे अशी कुजबुजही काहींनी केली. गंमत अशी की नवरा त्यांना खरोखरच डोंगरावर भेटला. तानिगावा पर्वतावरील चढाईत मासानोबू ताबेई या गिर्यारोहकाशी त्यांची ओळख झाली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. तोवर फुजीसह जपानमधील सगळे प्रमुख पर्वत त्यांनी पायाखाली घातले होते आणि पोटासाठी त्या भौतिकशास्त्राच्या एका संशोधन नियतकालिकाच्या संपादनाचे काम करत होत्या.

प्रश्न : केवळ स्त्रियांचे वेगळे मंडळ काढण्याची गरज का पडावी? पुरुषांबरोबर जाऊन अधिक सुरक्षित चढाई झाली नसती का? (पुणे)

सुरक्षिततेचा प्रश्न रास्त आहे. परंतु त्यासाठी मुळात पुरुषांच्या मोहिमेत जागा मिळायला हवी होती. परदेशी मोहिमांच्या निवडीत स्त्रियांचा विचार क्वचितच होत असे, आणि झाला तरी शिखर गाठणाऱ्या तुकडीत त्यांचे नाव येण्याची शक्यता नव्हती. म्हणून १९६९ मध्ये ताबेई यांनी 'जोशी तोहान क्लब' हे स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ स्थापन केले. 'आपण आपल्या बळावर परदेशी मोहिमेला जाऊ या' हेच त्याचे ब्रीद होते.

पुढच्याच वर्षी हे मंडळ नेपाळमधील अन्नपूर्णा ३ (७,५५५ मीटर) या शिखरावर गेले. या शिखराशी आपलेही नाते आहे. त्यावर सर्वप्रथम पाऊल ठेवले ते १९६१ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय तुकडीने. जपानी स्त्रियांनी दक्षिणेकडून नवा मार्ग काढला आणि ताबेई व हिरोको हिराकावा या दोघी दोन शेर्पा साथीदारांसह १९ मे १९७० रोजी माथ्यावर पोहोचल्या. थंडी इतकी कडक होती की कॅमेऱ्यातील फिल्मच तडकली.

माझ्या मते या मोहिमेतून त्यांना मिळालेला धडा शिखराइतकाच मोलाचा होता. दुखले-खुपले तरी बोलायचे नाही, येत नसले तरी कबूल करायचे नाही, अशा संस्कारांत वाढलेल्या या स्त्रिया होत्या. सात हजार मीटरवर असा अबोल सोशिकपणा जिवावर बेततो; एकीचे डोके ठणकत असेल तर ते दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेलीला ठाऊक असणे भाग असते. मला जमत नाही, मला मदत हवी, हे उघड म्हणायला त्या तिथे शिकल्या, आणि पाच वर्षांनंतर एव्हरेस्टवर ही सवय कामी आली.

प्रश्न : त्या काळी एव्हरेस्ट मोहिमेचा खर्च या बायकांनी उभा कसा केला? सरकारने मदत केली का? आमच्या महिला मंडळात यावर बरीच चर्चा झाली. (डोंबिवली)

आपल्या मंडळाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एव्हरेस्टची खरी चढण या स्त्रियांना पायथ्याला पोहोचण्यापूर्वीच चढावी लागली.

पहिला अडसर परवान्याचा. नेपाळ सरकार तेव्हा एका हंगामात मोजक्याच तुकड्यांना वर जाऊ देत असे, त्यामुळे नंबर लागेपर्यंत चार वर्षे थांबावे लागले. दुसरा अडसर पैशाचा. ताबेई आणि त्यांच्या सहकारी कंपन्यांचे उंबरे झिजवत होत्या, आणि त्याऐवजी घरी बसून मुले वाढवा असा सल्ला त्यांना अनेकदा ऐकावा लागला. अखेरच्या घटकेला 'योमिउरी शिंबुन' हे वृत्तपत्र आणि 'निप्पॉन टेलिव्हिजन' ही दूरचित्रवाहिनी पुढे आली म्हणून मोहीम उभी राहिली. तरीही प्रत्येकीला जपानमधील सरासरी वार्षिक पगाराच्या जवळपास जाईल इतकी रक्कम पदरची घालावी लागली. ताबेई यांनी आपला वाटा उभा करण्यासाठी मुलांना पियानो शिकवला.

उरलेली तूट काटकसरीने भरून काढली, आणि ती कशी हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. मोटारींच्या जुन्या आसनांचे आवरण उसवून त्यातून पाण्यापासून बचाव करणाऱ्या पिशव्या आणि हातमोज्यांवरचे मोजे शिवले. चीनमधून हंसाची पिसे मागवून झोपण्याच्या पिशव्या घरीच भरल्या. जुन्या पडद्यांच्या कापडाच्या विजारी बेतल्या. तुकडीत काही जणी शिक्षिका होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या जेवणात न वापरलेली जॅमची पाकिटे साठवून आपल्या बाईंच्या शिध्यात भर घातली. आजच्या एव्हरेस्टवीरांच्या कपड्यांवर पुरस्कर्त्यांची बोधचिन्हे ओळीने शिवलेली असतात, त्यापुढे हे चित्र ठेवून पाहावे.

प्रश्न : त्यांना तेव्हा लहान मूल होते ना? आईने असे जाणे तिथल्या समाजाने कसे स्वीकारले? (डोंबिवली, त्याच मंडळाकडून)

मुलगी नोरिको तेव्हा तीन वर्षांची होती. मुलगा शिन्या एव्हरेस्टनंतर १९७८ मध्ये जन्मला. पती स्वतः गिर्यारोहक असल्याने मोहिमेचे वेळापत्रक, धोका आणि ओढ या तिन्ही गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागल्या नाहीत, आणि पत्नीच्या जाण्याला त्यांचा पाठिंबा होता. समाजाने मात्र नाके मुरडलीच. यशानंतर त्याच समाजाने त्यांना डोक्यावर घेतले, हे वेगळे सांगायला नको. लहान मुलांना घरी ठेवून हिमालयात गेलेल्या पित्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. अकरा दिवसांनी दुसऱ्या बाजूने वर गेलेल्या फान्थोग तीन मुलांच्या आई होत्या.

प्रश्न : चढाईदरम्यान हिमस्खलनात त्या सापडल्या होत्या असे म्हणतात. त्यानंतरही शिखर कसे गाठले, हे सविस्तर सांगावे. (कोल्हापूर)

मोहिमेत पंधरा स्त्रिया होत्या. एइको हिसानो या नेत्या आणि ताबेई उपनेत्या. मार्ग १९५३ मध्ये हिलरी आणि तेन्झिंग ज्या वाटेने गेले तोच होता : खुंबूचा हिमप्रपात, त्यावरची बर्फाची दरी, ल्होत्सेची भिंत, दक्षिण खिंड आणि तिथून आग्नेयेची धार.

४ मे रोजी तुकडी सुमारे ६,३०० मीटरवरील दुसऱ्या कँपमध्ये झोपलेली असताना वरून हिमस्खलन झाले आणि तंबू गाडले गेले. ताबेई बर्फाखाली सुमारे सहा मिनिटे बेशुद्ध होत्या. शेर्पा साथीदाराने त्यांना खणून बाहेर काढले. सुदैवाने कोणी दगावले नाही. अंग ठेचकाळले होते, उभे राहून धड चालता येत नव्हते, त्यामुळे दोन दिवस त्यांना पडून काढावे लागले. त्यानंतर त्यांनी पुन्हा चढायला सुरुवात केली.

वर आणखी एक पेच होता. मूळ बेत दोन स्त्रियांना शिखरावर पाठवण्याचा होता. परंतु उंचीच्या आजाराने काही शेर्पांना ग्रासल्यामुळे दोघींना पुरतील इतकी प्राणवायूची नळकांडी वर पोहोचवणे अशक्य झाले. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. १९७५ पर्यंत नळकांड्याविना तिथे कोणी गेलेले नव्हते, तेव्हा एकीने मागे राहणे अटळ होते. बऱ्याच चर्चेनंतर हिसानो यांनी ताबेई यांचे नाव पुढे केले. नेतृत्व स्वतःकडे असताना दुसरीला पाठवणाऱ्या हिसानो यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला नेहमी खंत वाटते.

१६ मे रोजी, हिमस्खलनानंतर बाराव्या दिवशी, ताबेई आंग त्सेरिंग यांच्याबरोबर अखेरच्या टप्प्यावर निघाल्या. माथ्याच्या अलीकडे बर्फाची एक अतिशय अरुंद धार आडवी आली. आधीच्या मोहिमांचे वृत्तान्त त्यांनी बारकाईने वाचले होते, पण त्यांत या जागेचा उल्लेख नव्हता. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला तिबेट, आणि दोन्हीकडे हजारो फुटांची खोली. त्या आडव्या सरपटत, इंचाइंचाने पुढे सरकल्या. इतका ताण आपण आयुष्यात कधी अनुभवला नव्हता असे त्या पुढे सांगत, आणि आधी गेलेल्यांपैकी एकानेही ही जागा लिहून ठेवली नाही याचा त्यांना तिथल्या तिथे संताप आला होता. शिखरवीरांच्या आठवणींत कृतार्थतेची भाषा पुष्कळ आढळते. एव्हरेस्टच्या माथ्यापासून काही अंतरावर असताना आधीच्या लेखकांवर चिडलेली संपादिका मला तरी अधिक खरी वाटते.

प्रश्न : शेर्पा सामान वाहतो, वाट तयार करतो, बर्फातून खणूनही काढतो. मग विक्रम फक्त पाहुण्यांच्या नावावर का? (रत्नागिरी)

आपली टोचणी योग्य आहे. हिमप्रपातात शिड्या आणि दोर लावणे, ओझी वरच्या कँपवर पोहोचवणे ही कामे शेर्पांनी केली नसती तर १९७५ चीच काय, त्या काळातील जवळजवळ कोणतीच एव्हरेस्ट मोहीम यशस्वी झाली नसती. 'पहिली स्त्री' हा ताबेई यांचा मान त्यामुळे उणा होत नाही, पण ती चढाई दोघांची होती आणि आंग त्सेरिंग यांचे नाव तिच्यासोबत घेतले पाहिजे. याच प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. शिखरांवरची मजुरी शेर्पा समाजात पुरुषांचे काम मानली जाई. नेपाळच्या पहिल्या स्त्रीला, पासांग ल्हामू शेर्पा यांना, एव्हरेस्टवर पोहोचायला १९९३ साल उजाडले, आणि त्या परतीच्या वाटेवर मरण पावल्या.

प्रश्न : ताबेई स्वतःला 'पहिली स्त्री' म्हणवून घेत नसत, हे खरे आहे का? (अहिल्यानगर)

एव्हरेस्टवर पोहोचलेली छत्तिसावी व्यक्ती म्हणून आपली आठवण राहावी, असे त्या म्हणत असत. हा निव्वळ विनय नव्हे. स्त्री म्हणून वेगळी रांग लावली की तुलना फक्त स्त्रियांशी होते. छत्तिसावी म्हटले की तीच माणसे, तोच डोंगर आणि तीच उंची.

प्रश्न : सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे चढणारी पहिली स्त्रीही त्याच का? याद्या वेगवेगळ्या दिसतात. (दुबई)

होय, १९९२ मध्ये. एव्हरेस्टनंतर १९८० मध्ये किलिमांजारो, १९८७ मध्ये आकोन्काग्वा, १९८८ मध्ये डेनाली, १९८९ मध्ये एल्ब्रुस, १९९१ मध्ये अंटार्क्टिकावरील विन्सन आणि १९९२ मध्ये कार्स्टेन्झ पिरॅमिड असा तो क्रम आहे. याद्यांतील फरक शेवटच्या नावापाशी पडतो. केवळ ऑस्ट्रेलिया हा खंड धरला तर सर्वोच्च शिखर कोशियुस्को, म्हणजे २,२२८ मीटरची सोपी पायपीट. न्यू गिनी बेटही त्यात धरले तर ४,८८४ मीटरचा कार्स्टेन्झ, जिथे चांगले प्रस्तरारोहण येणे आवश्यक ठरते. ताबेई यांनी मोजणी पूर्ण केली ती अवघड यादीने. शिवाय १९८१ मध्ये शिशापांग्मा (८,०२७ मीटर) चढणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री होत.

हे सारे त्यांनी एव्हरेस्टच्या कीर्तीवर पुरस्कर्ते मिळवून केले असेल, असा आपला तर्क पत्रात आहे. तसे नाही. एव्हरेस्टनंतर कंपन्यांचे प्रायोजकत्व त्यांनी नाकारले. व्याख्यानांचे मानधन, पर्यटकांना डोंगरांवर नेण्याचे काम आणि शेजारपाजारच्या मुलांच्या संगीत व इंग्रजीच्या शिकवण्या यांतून त्या पैसे साठवत आणि पुढची चढाई करत. एकदा कंपन्यांची दारे ठोठावून झाल्यावर ती पाळी पुन्हा नको वाटली असेल, तर नवल नाही.

प्रश्न : उत्तरायुष्यात त्यांनी काय केले? (संगमनेर)

चढणे थांबवले नाही, पण डोंगराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. एव्हरेस्टवरील कचऱ्याने होणाऱ्या पर्यावरणहानीचा विषय घेऊन त्यांनी वयाच्या साठीनंतर, २००० मध्ये, क्युशू विद्यापीठातून पदव्युत्तर अभ्यास पूर्ण केला. हिमालयन ॲडव्हेंचर ट्रस्ट या संस्थेच्या जपानमधील शाखेच्या त्या प्रमुख होत्या आणि गिर्यारोहकांनी टाकलेला कचरा जाळण्यासाठी भट्टी उभारण्याचे काम या संस्थेने केले. पती आणि मुलांना सोबत घेऊन त्या डोंगरांवर सफाईच्या फेऱ्याही करत. २०१२ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. त्याच सुमारास, २०११ च्या भूकंपाची आणि त्सुनामीची झळ बसलेल्या भागातील शाळकरी मुलांना फुजीवर नेण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला; फुकुशिमा हा त्यांचा स्वतःचा प्रांत. जुलै २०१६ मध्ये उपचार चालू असतानाही त्या या मुलांबरोबर फुजीच्या वाटेवर होत्या. २० ऑक्टोबर २०१६ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, कावागोए येथे त्यांचे निधन झाले. एका लघुग्रहाला आणि प्लूटोवरील एका पर्वतरांगेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी सह्याद्रीत नियमित भटकते. ताबेई यांच्याविषयी वाचून तिने एव्हरेस्टचा ध्यास घेतला आहे. दोन वर्षांत वर नेतो असे एका संस्थेने सांगितले आहे. कर्ज काढावे का? (सांगली)

इतक्यात काढू नये. मुलीचा उत्साह मोडावा असे मी म्हणत नाही. पुण्याच्या कृष्णा पाटील २००९ मध्ये एकोणिसाव्या वर्षीच एव्हरेस्टवर पोहोचल्या होत्या. परंतु ज्यांचे वाचून तिने ध्यास घेतला त्यांचा क्रम तिच्यापुढे ठेवा : दहाव्या वर्षी नासू, विशीत जपानचे सगळे प्रमुख पर्वत, तिसाव्या वर्षी साडेसात हजार मीटर आणि पस्तिसाव्या वर्षी एव्हरेस्ट. सह्याद्रीतील भटकंतीने पाय आणि दम तयार होतो, कातळावरचा हात बसतो. बर्फावर कुऱ्हाड कशी धरावी आणि घसरल्यावर स्वतःला कसे थांबवावे हे मात्र बर्फावरच शिकावे लागते.

त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था येथील प्राथमिक अभ्यासक्रम तिने आधी करावा. तो साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि एखाद्या खासगी मोहिमेच्या तुलनेत त्याचे शुल्क अगदी अल्प असते. बचेंद्री पाल उत्तरकाशीच्याच विद्यार्थिनी. प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर प्राथमिकमध्ये 'अ' श्रेणी मिळवावी लागते, त्यामुळे आपली मुलगी नेमकी कोठे आहे हे तिला आणि आपल्याला परक्या परीक्षकाकडून कळेल. या दोन पायऱ्या झाल्या की सहा-सात हजार मीटरचे एखादे शिखर आणि त्यानंतर कर्जाचा विचार. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा उन्हाळी तुकडीत जायचे असल्यास आदल्या वर्षीच नाव नोंदवावे.